ताटाबाहेरची वाइन

नाशिकच्या आसपासच्या कुठल्याही वायनरीत जा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: आमच्या वाइन जेवणाबरोबर घेण्याच्या आहेत. बाटलीच्या मागच्या लेबलवर ते छापलेलं असतं, भिंतीवरच्या फलकावर असतं, टेस्टिंग घेणाऱ्या पोराच्या तोंडी असतं. मग मला सांगा, जेवण कुठे आहे? सकाळी अकरा वाजता उपाशीपोटी पंधरा माणसं उंच स्टुलांवर बसवायची, पाच-सहा वाइन प्रत्येकी ३० मिलिलिटर ओतायच्या आणि मध्ये चीजचे चौकोनी तुकडे व खारी बिस्किटं ठेवायची, याला आपल्याकडे जेवण म्हणत नाहीत. त्या चीजचं कामही वेगळंच असतं. त्यातलं मीठ आणि स्निग्धांश जिभेवर थर धरतात, वाइनचा तुरटपणा बोथट होतो आणि कच्ची, कडवट वाइनसुद्धा मऊ लागते. युरोपातल्या जुन्या वाइन व्यापाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. स्वतः खरेदी करताना ते सफरचंदाच्या फोडीबरोबर चाखत आणि गिऱ्हाइकाला विकताना चीज पुढे करत. आपल्या वायनऱ्यांनी त्यातला विकण्याचा भाग तेवढा उचलला.

मोठ्या कंपन्यांबद्दल माझी तक्रार कमी आहे. त्यांना दिल्लीपासून बंगळुरूपर्यंत एकच बाटली खपवायची असते. माझा राग आहे तो घरच्या, कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या वायनऱ्यांवर, कारण त्यांच्याकडूनच मला आशा आहे. ज्या घरात तीन पिढ्या द्राक्षं पिकली, ज्या घरच्या बायकांना एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी पाठ आहे, डावणी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने ज्यांनी पावसाळी रात्री जागून काढल्या, त्या घराने आपल्याच चुलीवरच्या अन्नाची लाज बाळगावी, हे मला सहन होत नाही.

दिंडोरीच्या बाजूला असंच एक घर आहे. वडिलांनी आयुष्यभर थॉमसन ही खाण्याची द्राक्षं पिकवून निर्यात केली. मुलगा परदेशात वाइन बनवायला शिकून आला आणि त्याने काही एकरांवर शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शिराझ ही वाइनची द्राक्षं लावली. बंगला बागेतच आहे, मागे गोठा आहे, पुढे टेस्टिंगची काचेची खोली. या घरची वाइन जेवणाबरोबर फार छान जाते, असं मी जाणत्या माणसांकडून ऐकलं होतं. तेवढ्यासाठीच मी गेले.

टेस्टिंग घेणारा मुलगा जवळच्याच गावचा. बोलत होता इंग्रजीत. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं मराठी बोलणारी होती. त्यात निफाडकडचं एक द्राक्ष बागायतदार जोडपं होतं. त्या दोघांना घडाच्या नुसत्या रंगावरून साखर किती भरली ते सांगता आलं असतं. त्यांना तो मुलगा ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर आणि पॅशनफ्रूट यांचे वास शोधायला लावत होता. त्या खोलीतल्या कोणी एल्डरफ्लॉवर पाहिलं असेल असं मला वाटत नाही, त्या मुलाने तर नाहीच. ग्लासातल्या सोव्हिन्याँ ब्लाँला पिकल्या पेरूचा स्वच्छ वास येत होता. त्या द्राक्षाच्या वाइनमध्ये गंधकाची काही संयुगं असतात आणि पेरूचा वासही तशाच संयुगांमुळे येतो. त्या बाईंनी नवऱ्याला हळूच सांगितलं, 'पेरूचा वास येतोय हो.' सबंध खोलीत अचूक बोललेली ती एकटी बाई होती, आणि ती कुजबुजत बोलली. तिला कुजबुजायला लावणारी खोली कोणी बांधली?

मग लाल वाइन आली. बाहेर ऊन तापलेलं होतं. शिराझ 'रूम टेंपरेचर'ला द्यायची असते, असं त्या मुलाला शिकवलेलं होतं, म्हणून फळीवरची बाटली थेट ग्लासात आली. हा नियम ज्या घरांसाठी झाला ती युरोपातली दगडी, थंड घरं. तिथल्या खोलीचं तापमान १६ ते १८ अंश. नाशिकच्या उन्हात तीस अंशांवर दिलेली लाल वाइन म्हणजे नाकात चढणारा अल्कोहोल आणि मागून येणारा कडवटपणा. त्या कुटुंबाने वर्षभर राबून केलेली वाइन त्यांनीच खराब करून पाहुण्यांना दिली. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली असती तर ती वाचली असती.

टेस्टिंग झाल्यावर सगळ्यांना 'रेस्टॉरंट'मध्ये नेलं. मेन्यूवर पिझ्झा, पेने पास्ता, नाचोज, हमस, गार्लिक ब्रेड. मी विचारलं, इथलं काही आहे का? उत्तर आलं, 'पनीर टिक्का आहे, मॅम.' द्राक्षाच्या गावात, ज्याच्या भोवती बाजरी, मेथी, कांदा आणि कोथिंबीर पिकते, तिथे इथलं अन्न म्हणून पनीर टिक्का सांगितला गेला. पिझ्झा वाईट नव्हता, पण तो मुंबईत प्रत्येक गल्लीत मिळतो. पाच तास गाडी चालवून इथे येणाऱ्याला तो कशासाठी खायला घालायचा?

पिझ्झा अर्धा टाकून मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. तिथे बंगल्याच्या ओट्यावर मजुरांची आणि घरच्यांची पंगत बसली होती. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली मेथीची पातळ भाजी, काळ्या मसाल्याची वांगी, कांदा, कोथिंबिरीची वडी. मालकांच्या आईंनी मला बसवलंच. 'पोरी, तिकडं काय खाल्लं असशील तू,' म्हणाल्या आणि वाढलं. मी तरुण मालकाला म्हटलं, दादा, तुमची शेनिन आणा ना एक ग्लास, थंड. तो आधी हसला, मग त्याने आणली. काचेच्या खोलीत तीच शेनिन मला पातळ आणि आंबट वाटली होती. इथे तळलेल्या वडीच्या घासानंतर तिने तोंड धुवून टाकलं आणि पुढच्या घासाची भूक आणली. मेथीचा कडवटपणा आणि कुटाचा गोडवा तिच्या शेजारी वेगवेगळे कळायला लागले. जेवणाबरोबरची वाइन म्हणून त्या घराची जी ख्याती आहे ती खरी आहे, हे मला त्या ओट्यावर पटलं. मी त्याला विचारलं, हे तुम्ही पाहुण्यांना का देत नाही? तो म्हणाला, 'ताई, मुंबईची माणसं इथं भाकरी खायला येतात का?'

येतात. त्यांना विचारलंच नाही कोणी.

त्या तरुणाच्या या एका उत्तरात महाराष्ट्रातल्या वाइनचं सगळं दुखणं आहे, म्हणून त्याच्या मुळाशी जायला हवं. युरोपात ज्या वाइनना आज जेवणाच्या वाइन म्हणून नाव आहे, त्या जेवणाबरोबरच वाढल्या. उत्तर इटलीच्या पिमॉन्त भागात बारोलो सणासुदीला उघडतात, रोजच्या टेबलावर असतात बार्बेरा आणि डोल्चेत्तो. बार्बेरात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा देणारं टॅनिन कमी, म्हणून ती लोण्याच्या, मांसाच्या, टोमॅटोच्या जेवणावर उतारा ठरते. टस्कनीत सांजोवेझेचा आंबटपणा ऑलिव्ह तेलाला कापतो. स्पेनच्या दक्षिणेला सानलुकारमध्ये मांझानिया ही कोरडी, खारट वाइन तळलेल्या मासळीबरोबर पितात. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात सांसेरची सोव्हिन्याँ आणि शेजारच्याच गावचं बकरीच्या दुधाचं चीज एकत्र वाढतात. आणि शेनिन ब्लाँ, जी आज नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा कणा आहे, तीही मुळात याच लुआरची. या कुठल्याही जागी जा, पाहुण्याच्या पुढ्यात तिथल्या म्हाताऱ्यांच्या हातचं अन्न येतं. शेतकऱ्याच्या घरचं अन्न आणि शेतकऱ्याची वाइन, दोन्ही तिथे एकाच टेबलावर मान मिळवतात.

आपल्याकडे हे आपोआप झालेलं नाही आणि होणारही नव्हतं. आपली वाइन फार तरुण आहे. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी शातो इंडाज ही वायनरी उभी केली, फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसती वाइन केली आणि परदेशात पाठवली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. २००५ साली सुला या वायनरीने नाशिकमध्ये टेस्टिंग रूम उघडली, देशातली ती पहिली. त्या माणसांनी शून्यातून बाजार उभा केला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मग २००८ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला आला, हॉटेलं ओस पडली. इंडाज कोसळली, बागायतदारांचे पैसे अडकले, आणि वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक न उरल्याने अनेकांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. ज्या मालाचा ग्राहक फक्त पंचतारांकित हॉटेलात आणि शहरी पार्टीत बसलेला असतो, त्याची ही गत होणारच. वाइन मराठी घराच्या ताटाशेजारी कधी आलीच नाही, त्यामुळे ती अडचणीत आल्यावर तिच्या बाजूने बोलायला मराठी घरातून कोणी उठलं नाही.

हे २०२२ मध्ये पुन्हा दिसलं. जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. विरोधक तुटून पडले, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला. तेव्हा समर्थनाला उभे राहिलेले राजकारणी काय म्हणाले? वाइन म्हणजे दारू नव्हे. हे धडधडीत खोटं आहे. वाइनमध्ये साधारण १२ ते १५ टक्के अल्कोहोल असतो. ती दारू आहे. रोज एक ग्लास हृदयाला चांगला, हेही वायनऱ्यांच्या टेस्टिंग रूममध्ये सर्रास सांगितलं जातं, पण २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं आहे की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. वाइनच्या बाजूने बोलायचं असेल तर खरं बोला. ती दारू आहे, म्हणूनच ती अन्नाबरोबर, बसून, सावकाश, थोडी घ्यायची असते. जेवणाबरोबर घेण्याचा आग्रह हा शौकाचा भाग नाही, तो या पेयाच्या शिस्तीचा भाग आहे. उपाशीपोटी पाच-सहा घोट पाजून, वर डीजे लावून, जलतरण तलावाच्या काठावर बाटल्या उघडायला लावणाऱ्या वायनरीने ही शिस्त मोडलेली असते. दारूबंदीवाल्यांच्या हातात पुरावा तिथूनच जातो. ज्या बाईचा नवरा देशी पिऊन घरी मारतो, तिला 'वाइन म्हणजे फळाचा रस' असं सांगायला तुम्ही जाता, यात तिचा अपमान आहे, हे कोणाला कसं दिसत नाही?

आता मुद्द्यावर येते: आपल्या ताटाशेजारी कुठली वाइन टिकते? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरगुती वायनरीने स्वतःच्या स्वयंपाकघरात सोडवायला हवा होता. त्याऐवजी लेबलवर छापून मोकळे होतात: 'मसालेदार भारतीय पदार्थांबरोबर उत्तम.' कुठले भारतीय पदार्थ? साजूक तूप घातलेला वरणभात आणि खानदेशी शेवभाजी यांत काय सारखं आहे? अळूचं फदफदं आणि कोल्हापुरी तांबडा रस्सा एकाच वाइनबरोबर जातील? स्वतःच्या अन्नाकडे परदेशी माणसाच्या नजरेने बघितल्याशिवाय असलं वाक्य लिहिता येत नाही.

तिखटापासून सुरुवात करू. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राही पेशींना डिवचतं, त्या मुळात उष्णता ओळखणाऱ्या आहेत, म्हणून तिखट पोळतं. अल्कोहोलही त्याच यंत्रणेला चेतवतो. साडेचौदा टक्क्यांची शिराझ आणि तर्रीची मिसळ एकत्र आली की दोघींची आग बेरजेपेक्षा जास्त होते. त्यात टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, तोंड कोरडं पडतं, पोळलेल्या जिभेचा ओलावाच निघून जातो. नव्या ओकच्या पिंपातला लाकडी कडवटपणा त्यावर चढतो. म्हणजे ज्या वाइनला आपण सर्वांत भारी समजतो, तीच आपल्या जेवणाची सर्वांत मोठी वैरीण. मिसळीबरोबर हवी ती थंड शेनिन, साडेअकरा-बारा टक्के अल्कोहोलची आणि लिटरमागे १० ते १५ ग्रॅम साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली. ही साखर गोड लागत नाही, ती तिखटाची धार उतरवते. शेनिनचा आंबटपणा उन्हाळी हवेतही बऱ्यापैकी टिकतो, लवकर खुडली तर आणखीच. नाशिकच्या जमिनीला आणि नाशिकच्या मिसळीला एकाच वेळी सोयीचं द्राक्ष हातात आहे, आणि आपण ते स्वस्तातली वाइन म्हणून खालच्या फळीवर ठेवतो.

आंबटाचा नियम सरळ आहे. जेवण वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट होते. चिंच-गुळाची आमटी, आमसुलाचं सार, सोलकढी यांच्यापुढे मार्च अखेरीला खुडलेली, आंबटपणा गेलेली पांढरी वाइन उभीच राहत नाही. तळलेल्या पदार्थांना आंबटपणा आणि बुडबुडे दोन्ही मानवतात. साबुदाणा वडा, बटाटेवडा, कोथिंबीर वडी यांच्याबरोबर कोरडी स्पार्कलिंग मी कुठल्याही दिवशी घेईन. मात्र बुडबुडे तिखट अधिक टोचवतात, तेव्हा हिरवी चटणी बाजूलाच असू द्यावी. बांगड्याबरोबर लाल वाइन घेतली की तोंडात लोखंडी, उग्र वास पसरतो, कारण वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडते. बांगड्याला करकरीत सोव्हिन्याँच हवी. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर लाल वाइन शोभते, पण हलकी, पंधरा-सोळा अंशांवर थंड केलेली, लाकडाचा स्पर्श नसलेली. शिराझच्या वासात जी मिरपुडीची झाक असते ती रोटंडोन नावाच्या घटकामुळे, आणि काळ्या मिरीचा वासही त्याच घटकाचा. काळ्या मसाल्यात मिरी असतेच. इतकी आयती सोयरीक जुळलेली असताना लेबलवर 'ग्रिल्ड लॅम्ब' लिहिणाऱ्याची मला चीड येते. चुलीत भाजलेल्या जळगावी वांग्याच्या भरिताबरोबर हीच हलकी शिराझ घेऊन बघा. पुरणपोळीसाठी उशिरा खुडलेल्या शेनिनची गोड वाइन लागते, ती नाशिकमध्ये बनतेही. गोडाचा नियम एवढाच की वाइन पक्वान्नाहून गोड हवी.

आणि काही ठिकाणी वाइन नकोच. हिरव्या ठेच्याबरोबर नको, कैरीच्या लोणच्याबरोबर नको, ताकभाताबरोबर तर मुळीच नको. हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या वायनरीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवील.

यापुढची अडचण खरी आहे आणि तिच्यावर विचार झालेलाच नाही. युरोपात पदार्थ एकेक करून येतात, म्हणून पदार्थागणिक वाइन बदलता येते. आपलं ताट एकदम वाढलं जातं. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबू. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. पुढ्यात पोळी, भाकरी, भात. प्रत्येक घास निराळा. तेव्हा आपला प्रश्न 'या पदार्थाबरोबर कुठली वाइन' असा असूच शकत नाही. संपूर्ण ताट पेलणारी वाइन कुठली, हा आपला प्रश्न आहे. तिला अल्कोहोल कमी, आंबटपणा भरपूर, टॅनिन जवळजवळ नाही, ओक अजिबात नाही आणि साखरेचा पुसटसा हात हवा. अशी वाइन करणं कठीण आहे. नाशिकच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात द्राक्षाची साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो, त्यामुळे खुडणीचा दिवस नेमका साधावा लागतो. पहाटे तोडून माल थंड ठेवावा लागतो. दोन दिवस उशीर झाला तर सगळं बिघडतं. हे काम लाखो बाटल्यांच्या कारखान्याला अवघड आहे. जो मालक सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या ओळींतून फिरतो आणि मणी तोंडात टाकून बघतो, त्याला ते जमतं. घरगुती वायनरीचं मोठेपण नेमकं इथे आहे.

आणि ती घरं काय करतात? 'रिझर्व्ह' काढतात. जाड काचेची बाटली, खोल तळ, सोनेरी अक्षरं, आयात केलेल्या ओकच्या पिंपात वर्षभर ठेवलेली पंधरा टक्क्यांची लाल वाइन. तिच्यावर त्यांचा जीव असतो, तिलाच ते स्पर्धांना पाठवतात, तिचीच किंमत सर्वांत जास्त लावतात. पाहुण्यांना शेवटी तीच पाजतात. ती वाइन त्यांच्या स्वतःच्या घरात कोणी जेवताना घेत नाही. मी त्या दिंडोरीच्या घरात विचारलं होतं. आजी वाइन घेत नाहीत, वडील कधीतरी घेतात ते शेनिन. रिझर्व्ह कोण पितं? पाहुणे. मग ही वाइन कोणाच्या जेवणाबरोबर जाण्यासाठी केली आहे? ऑस्ट्रेलियन आणि कॅलिफोर्नियन वाइनची नक्कल करण्यात आपल्या चांगल्या तरुण वाइनमेकरांची उमेदीची वर्षं जात आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नक्कल कितीही चांगली जमली तरी अस्सल बाटली पुण्याच्या दुकानात मिळतेच. नाशिक व्हॅली वाइन या नावाला भौगोलिक मानांकन आहे. त्या भूगोलात माणसं राहतात, ती जेवतात, हे त्या मानांकनाच्या मागे धावताना विसरलं गेलं.

यावर वायनऱ्यांची उत्तरं मला माहीत आहेत. पाहुण्यांची मागणीच पिझ्झाची असते, असं म्हणतात. नाशिकच्याच मिसळीच्या ठिकाणांकडे बघा. रविवारी सकाळी तिथे मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते, माणसं तासभर ताटकळत बसतात. तीच माणसं पुढे वायनरीत येतात. तुमच्या फाटकातून आत शिरल्यावर त्यांची आवड बदलते का? दुसरं उत्तर असं की भाकरीने 'ब्रँड' उतरतो. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. टस्कनीच्या शेतकऱ्याचं शिळ्या पावाचं सूप तुम्ही तिथे जाऊन कौतुकाने खाता, त्याचे फोटो टाकता, आणि तुमच्या आजीच्या हातची शेंगोळी तुमचा ब्रँड उतरवते? तिसरं उत्तर म्हणजे मांसाहारी-शाकाहारी, उपासवाले, जैन असे सगळे पाहुणे येतात, मराठी जेवणात ते कसं सांभाळायचं. मराठी जेवणाइतकं हे दुसऱ्या कुठल्या जेवणात सांभाळलं जातं? शेव, मासवडी, पिठलं, भरीत, उसळी, थालीपीठ, वड्या, उपासाची भगर आणि दाण्याची आमटी: एका ताटात सगळ्यांची सोय होते.

गोव्यात एक गोष्ट चांगली पाहिली आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या जेवणाला गोड पोर्ट वाइनची छोटी पेली असते. ती वाइन फार थोर नसते, जाणकार तिला नावं ठेवतात. पण ती त्या घरची आहे. आजी, नातू, सोरपोतेल आणि ती पेली यांचं एकमेकांशी काही नातं आहे. दर वर्षी हजारो माणसं येऊन जाणाऱ्या नाशिकच्या वायनऱ्यांना असं एकही नातं अजून जोडता आलेलं नाही.

वायनऱ्यांचं शेवटचं उत्तर खर्चाचं असतं: असं जेवण करायला शेफ कुठून आणायचा? कुठूनही आणू नका. दिंडोरी, निफाड, चांदवड, सिन्नर, कुठल्याही गावात महिला बचत गट आहेत. त्यातल्या बायका रोज पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापतात. त्यांना पिझ्झा भाजणाऱ्या कुकइतका पगार द्या, कमी नको. काचेच्या खोलीबाहेर एक चूल मांडा. टेस्टिंगचे पाच-सहा घोट कमी करून तीन करा, आणि प्रत्येक घोटाबरोबर एक पदार्थ द्या: वडी, भरीत-भाकरी, काळ्या मसाल्याची भाजी नाहीतर मटण. लाल वाइन फ्रीजमध्ये थोडी थंड करून द्या. टेस्टिंग मराठीत घ्या, ज्याला इंग्रजी हवं त्याला वेगळं बसवा. बाटलीच्या मागे 'भारतीय पदार्थ' लिहायचं सोडून सरळ लिहा की ही कोथिंबीर वडीबरोबर घ्या, ही ठेच्याबरोबर घेऊ नका. ज्या निफाडच्या बाईंनी पेरूचा वास ओळखला, त्यांच्यासारख्या बागायतदार बायकांना खुडणीआधी बोलवा, त्यांना जेवू घाला आणि गेल्या हंगामाची वाइन कशी झाली ते त्यांना विचारा. त्या दिंडोरीच्या तरुणाला हे सगळं मी ओट्यावरच सांगितलं. तो म्हणाला, यंदाच्या हंगामात बघू. मी त्याला सांगितलं, दादा, पिझ्झाची भट्टी आहे तिथेच राहू दे, भाकरी तिच्यावरही भाजता येते.